बारावा फॉर्म

"चहा आला की तुमचं बोलणं बंद," निलजकरबाई मला म्हणाल्या. "आणि प्रकाशक, तुमचंही."

"पण तुम्ही काही विचारलंत तर?" रिसवडकरांनी विचारलं.

"विचारणार नाही. तुम्ही दोघं इथं नाहीच असं समजून आम्ही बोलतो. तुमच्यापैकी कुणी मध्ये एक शब्द जरी बोललं तरी बैठक मोडली. पुस्तक आम्ही वाचलंच नाही असं धरतो. वर्षभर पुन्हा घेत नाही."

रिसवडकर मान डोलवत हसले. स्वतः छापलेल्या पुस्तकाबद्दल हा माणूस पाच मिनिटं गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्यांची काळजी वाटली. माझी स्वतःची तर त्याहून जास्त वाटत होती, कारण माझी जीभ त्यांच्यापेक्षा तिखट आहे असं टेलिफोन ऑफिसात सगळेच म्हणायचे.

डिसेंबर १९९६. गडहिंग्लजच्या लोकमित्र वाचनालयाची माडी, शनिवारची दुपार, साडेचार वाजलेले. लांब टेबलाभोवती सहा माणसं बसली होती आणि आम्ही दोघं भिंतीकडेच्या बाकड्यावर, वधूपरीक्षेला आल्यासारखी. टेबलावर मध्यभागी माझं पुस्तक होतं, 'भिंगरी आणि सातवं दार'. पण मला ते ओळखू आलं नाही. वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी बाइंडरकडे जातं. तो त्याचं रंगीत कव्हर काढून टाकतो, पुन्हा शिवतो आणि जाड पुठ्ठा घालून वर रेक्झिन चढवतो, म्हणजे शंभर हातांत गेलं तरी टिकतं. चित्रकारानं महिनाभर खपून काढलेली सात दारं गेली होती आणि त्या जागी एक चॉकलेटी वीट ठेवलेली होती. सहाही जणांनी हीच एक प्रत आळीपाळीनं घरी नेऊन वाचली होती. तोही तिथला नियम.

या शनिवार मंडळाची एक यादी निघायची. दर जानेवारीत दहा-बारा पुस्तकांची नावं सायक्लोस्टाइल करून आसपासच्या तालुक्यांतल्या चाळीसेक वाचनालयांना पाठवायची. ती वाचनालयं डोळे मिटून त्या यादीप्रमाणे खरेदी करायची. पहिली 'भिंगरी' त्या यादीत आली होती आणि म्हणूनच दुसरी निघाली होती.

"आज यादीत आलं तर तिसरा भाग," कोल्हापुराहून येताना रिसवडकर गाडीत म्हणाले होते. त्यांची फियाट चढावर धापा टाकत होती. "नाही आलं, तर बाई, भिंगरीला इथंच थांबवू. वाईट वाटून घेऊ नका."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिसरा भाग अर्धा लिहून माझ्या टेबलाच्या खणात पडला होता. वाईट वाटून घेऊ नका म्हणे. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. त्या आवाजांतूनच मला भिंगरी सापडली. तिच्या गावाचे सगळे आवाज एका विहिरीत पडतात आणि ही दहा वर्षांची पोर ते आणायला आत उतरते. पहिल्या भागात ती गावाचे आवाज परत आणते, फक्त तिच्या आईचा तेवढा सापडत नाही. दुसऱ्या भागात त्या एका आवाजासाठी ती विहिरीच्या तळाची सात दारं पार करत जाते. लग्न नाही, मूल नाही, एक्स्चेंज आणि भिंगरी एवढाच माझा संसार होता. तो या सहा जणांच्या हातात होता.

"घाबरू नका हो," रिसवडकर पुढं म्हणाले होते. "शेवटचं प्रकरण आहे ना आपलं! तेच तारून नेईल बघा."

त्या प्रकरणाचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. मी पुस्तक जिथं संपवलं होतं तिथं ते एकशे शहात्तर पानांचं होत होतं. छापखान्याच्या भाषेत बरोबर अकरा फॉर्म, कारण एक फॉर्म म्हणजे सोळा पानं. अकरा फॉर्म छापूनही झाले आणि मग रिसवडकरांनी शेवट वाचला. "बाई, हे काय? दाराशी आणून सोडलंत? मुलांना असं लोंबकळत ठेवायचं नाही. पालक विचारतात, बोध काय? एक फॉर्म आणखी लिहून द्या." मी भांडले, चार दिवस फोन घेतला नाही, शेवटी पडतं घेतलं आणि मोजून सोळा पानं लिहून दिली. त्यात आई सापडली, राजा आला, दरबार भरला, भिंगरीनं भाषण केलं आणि जिद्द सोडू नये हे सगळ्यांना पटलं. घाईघाईत तो फॉर्म दुसऱ्याच कागदावर छापला आणि त्याच्या पानांना आकडे घालायचेही राहून गेले. रिसवडकरांना मात्र तो पुस्तकात सगळ्यांत जास्त आवडायचा.

चहा आला. सहा कप, त्यातला एक दुधाचा. मुलांचं पुस्तक असलं की मंडळातली एक खुर्ची मुलाला द्यायची असा त्यांचा रिवाज होता. तिथं पाचवीतली सारिका पाटोळे बसली होती, घट्ट दोन वेण्या, मांडीवर वही. तिच्यापुढं दूध ठेवलं. बाकीच्या पाचांत निलजकरबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या सर्वेसर्वा. एक वकील, एक औषध दुकानदार, पोस्टातल्या एक बाई. आणि आप्पा चौगुले. एसटीच्या डेपोत तीस वर्षं गाड्या सोडून निवृत्त झालेले.

आप्पांबद्दल मी ऐकलं होतं. कारण या मंडळात हात वर करत नसत की गुण देत नसत. बैठक संपली की निलजकरबाई उठून एकेकाच्या कपात डोकावत. कप रिकामा असेल तर पुस्तक वाईट असं नाही, पण त्या माणसाला चहा आठवला. कप भरलेला असेल, चहा गार होऊन वर साय धरलेली असेल, तर पुस्तक त्या माणसाला लागलं. सहापैकी चार कप भरलेले राहिले तर यादीत. आप्पा चौगुल्यांचा कप नऊ वर्षांत एकदाही भरलेला राहिला नव्हता. भल्याभल्या पुस्तकांवर बोलता बोलता त्यांनी बशी ओठाला लावली होती.

"चला," निलजकरबाई म्हणाल्या. "मी सुरुवात करते. दुसऱ्या भागाचं नेहमीचं दुखणं याही पुस्तकाला आहे. पहिल्यात जे घडलं ते पहिली वीस पानं पुन्हा सांगितलंय."

"आनि चौथं दार!" आप्पा म्हणाले. "त्ये आरशाचं. गाडी नुसती श्ट्यांडवर हुबी हाय, न इंजिन बंद न गाडी चालू. तिथं मी दोन येळा झोपलो."

त्यांनी कप उचलला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

चौथं दार मला फार आवडायचं. तोंड उघडायची सोय नव्हती म्हणून मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. वकील म्हणाले, भाषा चांगली आहे, पण पहिल्या भागातली मजा कमी झाली आहे. औषध दुकानदारांनी चहा संपवला, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. पोस्टातल्या बाईंनीही अर्धा संपवला. मी मनात हिशेब करून टाकला. हे काही खरं नाही. तिसरा भाग खणातच राहणार.

"आता शेवटाकडं येऊ," निलजकरबाई म्हणाल्या. "आप्पा, वाचा जरा ते."

आप्पांनी कप खाली ठेवला, चष्मा चढवला आणि चॉकलेटी वीट मागच्या बाजूनं उघडली. त्यांचा आवाज डेपोतला, खणखणीत. "'भिंगरीनं कडीला हात घातला. ती ओढणार तेवढ्यात आतून कुणीतरी म्हणालं, आलीस?'"

त्यांनी पुस्तक मिटलं. "संपलं."

मी रिसवडकरांकडे बघितलं. रिसवडकर माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं.

"आता सांगा," निलजकरबाई म्हणाल्या. "सातव्या दाराआडचा हा आवाज कुणाचा?"

मला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. ती एकशे शहात्तराव्या पानाची शेवटची ओळ होती. माझी ओळ. यांच्या प्रतीत पुढं काहीच नव्हतं. राजा नव्हता, दरबार नव्हता, भाषण नव्हतं.

रिसवडकरांनी शबनम पिशवीतून घाईघाईनं एक चिठोरं काढलं आणि लिहिलं, 'यांच्या प्रतीत शेवटचं प्रकरण नाही!' मी त्यांचं पेन घेऊन खाली लिहिलं, 'गप्प बसा.' त्यांनी लिहिलं, 'अपुरं पुस्तक तपासतायत, बुडणार आपण!' मी माझ्या 'गप्प बसा'खाली रेघ ओढली. कागद फाटेल इतकी जोरात.

खरं सांगते, मी काही धोरण म्हणून गप्प बसले नाही. मला फक्त ऐकायचं होतं. माझा शेवट कुणीतरी माणसानं वाचला होता, तो नेमका कसा वाचला होता ते मला जिवाचा कान करून ऐकायचं होतं.

"आईचा," आप्पा म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा असंल? पोर सात दारं वलांडून आली, आतनं आयच बोलणार."

"इतकं सोपं नाही ते," वकील पुढं झुकले. "तिसऱ्या दारातलं नकल्या पाखरू आठवा. कुणाचाही आवाज काढतं आणि माणसाला आत ओढतं. 'आलीस?' हा सापळा आहे. तिनं ती कडी ओढायला नको."

"म्हंजी? एवढं येऊन माघारी जायचं?"

"हो, जायचं!"

"तुमच्या आईचा आवाज आला असता तर तुम्ही गेला असता माघारी?" पोस्टातल्या बाई एकदम बोलल्या. "माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. मी ते पान वाचलं आणि पुस्तक उशाला ठेवून बसले. सापळा असला तरी मी कडी ओढली असती. फसवा असला तरी आवाज तर तिचा आहे ना?"

औषध दुकानदार म्हणाले, पाखरूच, पण पाखराला तरी 'आलीस' हा शब्द कुठून कळला? तो आई घरी म्हणायची, पहिल्या भागात आहे. म्हणजे पाखरानं आईला ऐकलंय. म्हणजे आई आत आहेच. आप्पांनी टेबलावर थाप मारली, "आता कसं बोललासा!" वकील म्हणाले, तसं असेल तर आई आत आहे आणि पाखरूही आत आहे, आणि बोललं कोण ते तरीही कळत नाही. आप्पांनी कप उचलला, तो हवेतच धरला, "आवो पन वकीलसाब," म्हणाले आणि न पिताच खाली ठेवला.

मी तो कप पाहिला.

त्या गोंधळात सारिकानं शाळेतल्यासारखा हात वर केला होता. निलजकरबाईंचं लक्ष गेलं. "बोल."

"आवाज भिंगरीचाच हाय," सारिका म्हणाली.

"भिंगरी तर भाईर हाय की गं!"

"आप्पा, ऐका तरी. सहाव्या दाराला तो राखणदार म्हणतो, तुझी एक वस्तू ठेवून जा. ती विचारते, कुठली? तो म्हणतो, ठेवलीस की कळंल. आणि दार उघडतं. पण तिनं काय ठेवलं ते पुस्तकात कुठंच नाही." तिनं वही उघडली. "मी मोजलं. सहाव्या दारापासनं शेवटापर्यंत चोवीस पानं हायत. त्यात भिंगरी एकदापण बोललेली नाही. एक शब्द नाही. नुसती मान हलवती, बघती, चालती. तिनं आवाजच ठेवला तिथं. आणि तिचा आवाज तिच्या आधी पळत आईकडं गेला."

मग निलजकरबाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटायला लागल्या. वकील उठून त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. एकेक पान उलटत होतं. "इथं नाही," बाई पुटपुटल्या. "इथंही नाही. इथं विचारतेय वाटतं... नाही, हा राखणदार." शेवटचं पान आलं.

"पोरगी बरोबर बोलतीया," आप्पा हळूच म्हणाले.

मला हे माहीत नव्हतं. ती चोवीस पानं मी लिहिली होती, तीनदा खोडून पुन्हा लिहिली होती, प्रुफं तपासली होती. भिंगरी बोलायची थांबली हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या हातानं ते केलं होतं, मला न विचारता. आणि खणात पडलेला तिसरा भाग तिसाव्या पानावर का अडला होता तेही मला त्या क्षणी कळलं. मी तिथं भिंगरीला बोलायला लावत होते. तिच्याकडे आवाज नव्हताच. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

पुढं पाऊण तास ती माणसं भांडली. भिंगरीचा आवाज गेला तर ती आईला ओळख कशी देणार? आवाज आईजवळ आणि पोर दाराबाहेर, मग 'आलीस' कोण कुणाला म्हणतंय? आप्पा उभं राहून बोलत होते. पोस्टातल्या बाई हसत हसत रडत होत्या. शेवटी निलजकरबाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "पुरे! कप."

त्या उठल्या. औषध दुकानदारांचा रिकामा. पोस्टातल्या बाईंचा अर्धा, तो रिकाम्यात धरायचा. वकिलांचा भरलेला. बाईंचा स्वतःचा भरलेला. सारिकाच्या दुधावर जाड साय. तीन झाले. बाई आप्पांच्या खुर्चीशी आल्या आणि थांबल्या. कपात एक घोट कमी होता, बाकी काठोकाठ. वर तपकिरी साय धरून तिला सुरकुत्याही पडल्या होत्या.

"आप्पा?"

"ऱ्हायला की वो," आप्पा ओशाळून म्हणाले. "ध्यानातच आलं न्हाई."

"चार. यादीत," बाई म्हणाल्या. "आता बोला, लेखिकाबाई."

रिसवडकर माझ्या कानाशी लागले. मघाशी ज्यांना बोलायची घाई होती तेच आता कुजबुजत होते, "झालं काम. नमस्कार करा आणि उठा. प्रकरणाचं आत्ता काढू नका."

मी उठून उभी राहिले. नमस्कार केला. खाली बसले असते तर सगळं मिळालंच होतं. पण चाळीस वाचनालयांत जे पुस्तक जाणार होतं त्यात राजा होता, दरबार होता, आणि भिंगरी घसा ताणून भाषण करत होती. सारिकाची वही माझ्या डोळ्यांसमोर होती. तिनं पानं मोजली होती. तिच्याशी मी खोटं वागू शकले नसते.

"तुम्ही जे मंजूर केलंत," मी म्हणाले, "ते पुस्तक बाजारात नाही."

रिसवडकरांनी डोळे मिटून घेतले.

मी सगळं सांगितलं. अकरा फॉर्म, बारावा फॉर्म, तो कसा लिहिला, तुमच्या प्रतीत तो कसा काय नाही ते मला ठाऊक नाही. "तुम्हाला बैठक रद्द करायची असेल तर करा. पण फसवणूक मला करायची नाही."

"बाई, फसवणूक कसली?" आता रिसवडकरांचा बांध फुटला. त्यांनी शबनममधून आपली प्रत काढली. "उलट तुम्हाला अपुरं पुस्तक मिळालं! अपुरं असून इतकं आवडलं, मग पुरं ऐका. दुधात साखर! मी वाचून दाखवतो."

निलजकरबाईंनी क्षणभर विचार केला. मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "पुन्हा चहा सांगा रे! सहा!"

दुसरा चहा आला. रिसवडकरांनी घसा साफ करून सुरुवात केली. ते वाचतात मात्र चांगलं. दार उघडलं, आई धावत आली, राजाच्या तुताऱ्या वाजल्या. मी बाकड्यावर बसून सहा कपांकडे बघत होते. दरबार भरला तेव्हा औषध दुकानदारांनी पहिला घोट घेतला. राजानं बक्षीस दिलं तेव्हा वकिलांनी. भिंगरी भाषणाला उभी राहिली, "माझ्या बंधूभगिनींनो, संकटांना घाबरू नका," आणि आप्पांनी चहा बशीत ओतला. फुर्र असा आवाज झाला. रिसवडकर क्षणभर थांबले, पुन्हा वाचायला लागले. पोस्टातल्या बाईंनी कप ठेवला तो खण्णकन, रिकाम्या कपासारखा वाजला. सारिकानं दूध एका दमात संपवून ओठावरची मिशी मनगटानं पुसली.

"'...आणि सर्वांना कळलं की जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही. समाप्त.'" रिसवडकरांनी आशेनं वर पाहिलं.

निलजकरबाई उठल्या नाहीत. तिथूनच सगळ्यांना दिसत होतं. सहा कप, सहाही रिकामे.

"चहा झ्याक होता," आप्पा म्हणाले.

मला हसू फुटलं. सारिकाही हसली, मग पोस्टातल्या बाई, आणि शेवटी सगळी माडी हसायला लागली. रिसवडकर बिचारे प्रत हातात धरून उभे होते.

"रिसवडकर," निलजकरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड झालाय हो. तुमच्याकडे अजून किती प्रती न बांधलेल्या आहेत?"

"हजारेक. फॉर्मातच पडून आहेत."

"मग त्या अकरा फॉर्मांच्याच बांधा. यादीत आम्ही तसं लिहू. अकरा फॉर्मांचं पुस्तक घ्या, बाराचं घेऊ नका."

रिसवडकरांनी त्या कपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा एक गुण सांगायलाच हवा, हरले की ते रडीचा डाव खेळत नसत. "बरं," ते म्हणाले. "आणि बाई, तिसऱ्या भागात मी तुमच्या शेवटाला हात लावणार नाही." मग जरा थांबून, "पण हा फॉर्म गेला कुठं?"

"दस्तगीरमामांना बोलवा," बाई म्हणाल्या.

दस्तगीर मोमीन म्हणजे वाचनालयाचे बाइंडर. त्यांचं दुकान जिन्याखालीच होतं. खळीनं पांढरे झालेले हात सदऱ्याला पुसत ते वर आले. रेक्झिनची प्रत पाहताच त्यांनी ती ओळखली.

"मीच काढला त्यो फॉर्म," ते शांतपणे म्हणाले. "चुकून आल्याला."

"चुकून?" रिसवडकर ओरडले. "अहो, पुस्तकाचा शेवट होता तो!"

"असं व्हय?" मामांना खरंच आश्चर्य वाटलं. "कागद निराळा, पांढरा फेक. पानांवर आकडा न्हाई. अनुक्रमणिकेत नाव न्हाई. शेवटाला बोध. तवा सहामाही परीक्षेचा सीझन, माझ्याकडं गाइडांचा ढीग लागल्याला. मला वाटलं, कुठल्या तरी गाइडाचा फॉर्म ह्यात मिसळला."

"पण भिंगरीचं नाव होतं ना त्यात! वाचलं नाहीत?"

"वाचलं तर. बांधायच्या आधी सगळं वाचतो मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लेखिका आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "नाव त्येच होतं, पण पोरगी ती न्हवती. आपली भिंगरी सहाव्या दारापासनं गप हाय. ही पहिल्या वळीपासनं भाषण करत हुती."

सारिकानं टाळी वाजवली. मी उठून मामांना वाकून नमस्कार केला. ते दोन पावलं मागं सरले, "अवो अवो, बाई, काय करताय," म्हणत.

"आणि तो फॉर्म?" मी विचारलं. "टाकून दिलात?"

"छ्या! चांगला जाड कागद कोन टाकतंय? पुठ्ठ्यात घातला." त्यांनी पुस्तक उचलून मागचा पुठ्ठा अंगठ्यानं वाकवून दाखवला. तो जराही वाकला नाही. "रेक्झिनच्या आत अस्तराला. म्हणून तर असा ताठ बसलाय."

तिसरा भाग दीड वर्षानं आला. त्यात भिंगरी शंभर पानं मुकी आहे, आणि त्या शंभर पानांइतकं मला दुसरं काही साधलेलं नाही. चौथा आला, पाचवाही आला. गेल्या वर्षी लोकमित्र वाचनालयानं बोलावलं म्हणून गेले. निलजकरबाई, आप्पा, मामा आता नाहीत. सारिका पाटोळे निलजकरबाईंच्या खुर्चीवर बसते आणि लेखकांना गप्प बसवते. एका छोट्या मुलानं सहीसाठी तीच चॉकलेटी प्रत पुढं केली. पानं मऊ पडली होती, कोपरे झिजले होते, एकशे शहात्तराव्या पानावर कितीतरी हातांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, आई, पाखरू, भिंगरी, पुन्हा आई. मी त्या गर्दीत कोपऱ्यात सही केली आणि पुस्तक मिटलं. मागचा पुठ्ठा हाताला अजून तसाच ताठ लागला. मी आयुष्यात लिहिलेली सगळ्यांत वाईट सोळा पानं इतकी वर्षं त्या पुस्तकाला पाठीमागून धरून उभी आहेत.